जोडीदाराची लष्करी बदली झाली, नोकरी सोडावी लागली: अमेरिकेत बेकारी भत्ता कसा मागायचा

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांत एक समज घट्ट बसलेला आहे. कंपनीने काढलं तर बेकारी भत्ता मिळतो, आपण होऊन राजीनामा दिला तर मिळत नाही. सर्वसाधारण नियम तसाच आहे. पण नवरा किंवा बायको अमेरिकी सैन्यात असेल आणि बदलीचा हुकूम आल्यामुळे तुम्हाला नोकरी सोडून त्यांच्याबरोबर जावं लागलं, तर बहुतेक राज्यांच्या कायद्यात तुमच्यासाठी वेगळी तरतूद आहे. असा राजीनामा योग्य कारणाने दिलेला मानला जातो आणि भत्त्याचा हक्क शाबूत राहतो. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जणी अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. दोन-तीन वर्षांनी घर हलवायचं, दर वेळी नोकरी शून्यातून शोधायची आणि हक्काचे पैसेही सोडून द्यायचे, हे होऊ नये म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. या कामात कायदा कमी आणि तारखा व कागद जास्त लागतात. ऑर्डर कधी निघाली, राजीनामा कधी दिला, शेवटचा दिवस कोणता, नव्या गावी कधी पोहोचलात, या चार तारखा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. अर्ज अडकतात ते बहुधा इथेच.

ही मदत आहे की विमा?

विमा आहे. १९३५च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने ही व्यवस्था उभी राहिली. चौकट केंद्र सरकारची, पण नियम, रक्कम आणि मुदत प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं. पैसा मालकांकडून घेतलेल्या करातून येतो. अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं सोडली तर कर्मचाऱ्याच्या पगारातून त्यासाठी काही कापलं जात नाही. २००९च्या आर्थिक पॅकेजमध्ये केंद्राने राज्यांना आपले नियम उदार करण्यासाठी पैसे देऊ केले. त्यातल्या पर्यायांत 'सक्तीची कौटुंबिक कारणं' हा एक होता आणि जोडीदाराच्या बदलीमुळे गाव सोडणं त्यात मोडत होतं.

बरीच राज्यं अशा दाव्याचा बोजा तुमच्या जुन्या मालकाच्या खात्यावर टाकत नाहीत. त्यामुळे 'साहेबांना वाईट वाटेल' म्हणून मागे राहू नका.

यूसीएक्स नावाची आणखी एक योजना कानावर येईल. ती सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसासाठी आहे, जोडीदारासाठी नाही. तुमचा दावा तुमच्या स्वतःच्या पगारावर उभा राहतो.

पहिली पायरी: राजीनाम्याची घाई नको

'बहुतेक टेक्ससला जायचंय' एवढ्या बातमीवर नोकरी सोडू नका. लेखी पीसीएस ऑर्डर (कायमच्या बदलीचा लष्करी हुकूम) हातात येऊ द्या. ती वाचताना तीन गोष्टी पाहा: नव्या ठिकाणी हजर व्हायची तारीख, बदलीची मुदत आणि कुटुंबाला नेण्याची परवानगी. टेक्ससच्या कायद्यात बदली १२० दिवसांपेक्षा जास्त किंवा नेमणूक वर्षापेक्षा जास्त मुदतीची असावी लागते. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी सगळं घर हलवलं तर तिथे हे कारण चालणार नाही. कॅलिफोर्नियाचा नियम जास्त मोकळा आहे. जोडीदार सैन्यातला असो वा नसो, नव्या ठिकाणाहून जुन्या नोकरीला रोज येणं-जाणं व्यवहार्य नसेल तर कारण योग्य धरलं जातं. फ्लोरिडाच्या कायद्यात लष्करी जोडीदाराच्या पीसीएस ऑर्डरचा थेट उल्लेख आहे. तेव्हा आपल्या राज्याच्या बेकारी विमा खात्याच्या संकेतस्थळावर 'मिलिटरी स्पाउस' शोधा आणि तिथला मजकूर पूर्ण वाचा. सैन्यातून निवृत्ती घेऊन गाव बदलणं, नॅशनल गार्डची बदली, अजून लग्न न झालेला जोडीदार, या बाबतींत राज्याराज्यांत फरक पडतो. त्या ठिकाणी अंदाजावर जाऊ नका.

शेवटचा दिवस कोणता ठेवायचा? वॉशिंग्टन राज्यात स्थलांतरापूर्वी वाजवी असेल तितके दिवस कामावर राहणं अपेक्षित आहे आणि इतर राज्यांतही हाच विचार उपयोगी पडतो. सामान बांधायला, मुलांच्या शाळेचे कागद काढायला एक-दोन आठवडे घेतलेत तर ते कोणालाही पटेल. हजर व्हायची तारीख सप्टेंबरमध्ये असताना जूनमध्ये काम सोडलं तर अधिकारी विचारणारच की मधले तीन महिने कशासाठी.

राजीनाम्याआधी मालकाला ईमेलवर विचारा: नव्या गावात तुमची शाखा आहे का, हेच काम घरून करता येईल का, बिनपगारी रजा मिळेल का? 'हो' आलं तर नोकरीच वाचली. 'नाही' आलं तर नोकरी टिकवायचा प्रयत्न केल्याचा पुरावा हातात राहिला.

राजीनाम्याच्या पत्रात 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मुळीच नकोत. आपल्याला संकोचाने तेच लिहायची सवय असते आणि नेमके तेच शब्द पुढे आडवे येतात. इंग्रजीत लिहायचं असलं तरी मजकूर असा असावा: 'माझे पती अमेरिकी नौदलात सक्रिय सेवेत आहेत. अमुक तारखेच्या पीसीएस ऑर्डरनुसार त्यांना अमुक तारखेला नॉरफोक, व्हर्जिनिया इथे हजर व्हायचं आहे. मी त्यांच्याबरोबर जात असल्याने अमुक तारीख हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. बदली किंवा घरून काम शक्य नसल्याचं आपण अमुक तारखेच्या ईमेलमध्ये कळवलं आहे.' एवढं पुरे. मॅनेजरशी संबंध कितीही चांगले असले तरी तोंडी सांगून थांबू नका. पत्राची प्रत घरच्या ईमेलवर पाठवून ठेवा, कारण ऑफिसचा ईमेल शेवटच्या दिवशी बंद होतो.

दुसरी पायरी: कागद, आणि आपल्या नावाची भानगड

लागणारे कागद: ऑर्डरची प्रत, लग्नाचा दाखला, तुमचं लष्करी ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर, गेल्या दीड-दोन वर्षांतल्या सगळ्या मालकांची नावं, पत्ते आणि तारखा, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा मालकाचा फॉर्म). नागरिक नसाल तर ग्रीन कार्ड किंवा कामाचा परवाना. ज्या काळातला पगार दाव्यात धरायचा त्या काळात काम करायची परवानगी असली पाहिजे आणि भत्ता घेतानाही ती चालू पाहिजे. परवाना पुढच्या महिन्यात संपत असेल तर त्याच्या नूतनीकरणाचं आजच बघा.

मराठी बायकांचं हमखास अडतं ते नावावर. लग्नाआधी मधे वडिलांचं नाव, लग्नानंतर मधे नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. पासपोर्ट माहेरच्या नावाचा, सोशल सिक्युरिटी कार्ड सासरच्या नावाचं, कंपनीच्या पगारपत्रकात मधलं नाव गायब, आणि नवऱ्याच्या ऑर्डरमध्ये तिसरंच काहीतरी. बेकारी विमा खातं तुमची ओळख सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून बघतं. म्हणून अर्जात नाव लिहायचं ते सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. 'आधीची नावं' असा रकाना असतो तिथे माहेरचं नाव टाका. लग्नाचा दाखला गावच्या ग्रामपंचायतीचा किंवा जुना असून फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि भाषांतर करणाऱ्याकडून 'मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि बिनचूक आहे' असं सहीनिशी लिहून घ्या. बेसवरच्या, म्हणजे लष्करी तळावरच्या, लीगल असिस्टन्स ऑफिसात जोडीदारांनाही कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. कागद दाखवायला तिथे एक चक्कर जरूर मारा.

ऑर्डरच्या प्रतीवरचा जोडीदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर, दिसत असेल तर, पाठवण्याआधी झाका.

तिसरी पायरी: दावा कोणत्या राज्यात?

जिथे काम केलं, त्या राज्यात. नव्या राज्यात नाही. हे उलटं वाटतं, म्हणूनच बरेच जण नव्या गावच्या कार्यालयात जाऊन हात हलवत परत येतात.

समजा, नवरा नौदलात, तुम्ही सॅन डिएगोत एका दवाखान्याच्या बिलिंग विभागात, आणि बदली नॉरफोकला. तुमचा पगार कॅलिफोर्नियात नोंदला गेला, म्हणून दावा कॅलिफोर्नियाच्या ईडीडी या खात्याकडे ऑनलाइन करायचा, बसला असाल नॉरफोकला तरी. नियम आणि रक्कम कॅलिफोर्नियाची. मात्र नोकरी शोधण्यासाठी नाव नोंदवायचं ते व्हर्जिनियात.

हिशेब 'बेस पिरियड'वर होतो. बहुतेक ठिकाणी तो म्हणजे संपलेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांपैकी पहिल्या चार. जुलैत दावा केला तर कॅलिफोर्निया मागच्या वर्षीच्या एप्रिलपासून या वर्षीच्या मार्चपर्यंतचा पगार बघतं. एप्रिल ते जूनचा पगार त्यात येत नाही. त्या चारपैकी सगळ्यात जास्त पगाराच्या तिमाहीला साधारण २६ने भागायचं. त्या तिमाहीत ९,१०० डॉलर मिळाले असतील तर आठवड्याचा भत्ता सुमारे ३५० डॉलर. कमाल ४५० डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. फ्लोरिडात मात्र कमाल २७५ डॉलरच आहे, आणि पेन्सकोलाहून सॅन डिएगोसारख्या महागड्या गावी बदली झाली म्हणून तो आकडा वाढत नाही. घरभाड्याचा अंदाज बांधताना हे लक्षात असू द्या.

वर्ष-दीड वर्षात दोन राज्यांत काम झालं असेल तर दोन्हीकडचा पगार एकत्र करून दावा करता येतो. त्याला 'कंबाइन्ड वेज क्लेम' म्हणतात. एका राज्यातला पगार पात्रतेला कमी पडत असेल तर हा रस्ता आवर्जून विचारा. अर्जात दोन्ही राज्यांतले मालक लिहायला विसरू नका. नवी नोकरी नुकतीच लागली होती आणि नेहमीच्या बेस पिरियडमध्ये पगारच दिसत नाही, अशी स्थिती असेल तर बऱ्याच राज्यांत पर्यायी बेस पिरियडही असतो.

चौथी पायरी: अर्ज

काम सुटल्यावर पहिल्याच आठवड्यात अर्ज करा. दावा साधारणपणे अर्ज केला त्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात. 'आधी घर लावू, मग बघू' म्हणून महिना घालवला तर ते आठवडे बहुधा गेलेच. अनेक राज्यांत पात्र ठरल्यावरचा पहिला आठवडा बिनपैशाचा असतो. त्याला 'वेटिंग वीक' म्हणतात, पण त्याचीही माहिती भरावी लागते.

नोकरी का सुटली, या प्रश्नाला खरं उत्तर द्या: स्वतः सोडली, कारण जोडीदाराची लष्करी बदली. 'कामावरून कमी केलं' हा पर्याय सोपा वाटला तरी निवडू नका. खातं मालकाला पत्र पाठवून विचारतं, तिथे 'राजीनामा' असं उत्तर आलं की तुमचं म्हणणं खोटं ठरतं. खरं कारण तुमच्या बाजूचं असताना हे कशाला ओढवून घ्यायचं?

राजीनामा असल्यामुळे फोनवर मुलाखत होण्याची शक्यता बरीच असते. अनोळखी नंबर उचलायची सवय त्या दिवसांत ठेवा. ऑर्डर आणि राजीनाम्याचं पत्र समोर ठेवून बोला. अधिकाऱ्याला हवं असतं ते एवढंच: ऑर्डर कधी आली, तुम्ही बरोबर का गेलात, नोकरी टिकवायला काय केलं, आता काम करायला मोकळ्या आहात का.

पत्ता बदलणं हे वेगळं काम समजा. पोस्टात पत्ताबदल दिला म्हणून भागत नाही. बेकारी खात्याच्या पोर्टलवर स्वतः जाऊन नवा पत्ता टाका. घर मिळेपर्यंत बेसवरच्या लॉजमध्ये असाल तर टिकाऊ असा एखादा टपालपत्ता द्या. निर्णयाची पत्रं याच पत्त्यावर येतात आणि अपिलाची मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजली जाते, तुमच्या हातात पडल्यापासून नाही. नागरिक नसाल तर घर बदलल्यापासून १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्यालाही नवा पत्ता कळवणं बंधनकारक आहे, ऑनलाइन किंवा एआर-११ फॉर्मने. बदलीच्या धामधुमीत हे सर्रास राहून जातं.

पाचवी पायरी: दर आठवड्याचं 'सर्टिफाय', आणि भारतवारी

दावा मंजूर झाला की पैसे आपोआप येत नाहीत. राज्याप्रमाणे दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला प्रश्नांची उत्तरं भरून त्या काळाचा भत्ता मागावा लागतो. यालाच 'सर्टिफाय' करणं म्हणतात. कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी, प्रत्येक आठवड्याचं वेगळं उत्तर: आजारी होता का, आजाराखेरीज पूर्णवेळ काम घेता न येण्याचं काही कारण होतं का, काम शोधलं का, नाकारलं का, शिक्षण सुरू केलं का, काही कमावलं का.

यातला दुसरा प्रश्न बदलीच्या आठवड्यात महत्त्वाचा. गाडीत सामान भरून पाच दिवस सॅन डिएगो ते नॉरफोक प्रवास चालू असताना तुम्ही काम घ्यायला मोकळ्या नव्हता. तसंच लिहा. त्या आठवड्याचे पैसे कदाचित कापले जातील, पुढचे सुरळीत येतील.

आता भारतवारीबद्दल, कारण आपल्याकडे हे फार होतं. नोकरी सुटली आहे, नवरा नव्या ठिकाणी घर बघतोय, तोवर मुलांना घेऊन महिनाभर पुण्याला किंवा सांगलीला आईकडे जाऊन येऊ. जरूर जा. पण भारतात असलेल्या आठवड्यांचा भत्ता मागू नका. भत्त्याची मूळ अट 'काम करायला समर्थ आणि हजर' अशी आहे, आणि परदेशात बसून ती पुरी होत नाही. आपल्या खात्यात इथल्या मैत्रिणीला लॉगिन करायला सांगणं तर अजिबात नको. खोटी माहिती देऊन घेतलेली रक्कम परत करावी लागतेच, वर किमान १५ टक्के दंड केंद्रीय कायद्यानेच ठरवलेला आहे. जाण्याआधी पोर्टलवर कळवा, परत आल्यावर दावा पुन्हा चालू करून घ्या.

बदली जर्मनी किंवा जपानला झाली तरी अडचण हीच. एका राज्याचा भत्ता दुसरीकडे राहून घेण्याची व्यवस्था अमेरिकेतली राज्यं, प्वेर्तो रिको, व्हर्जिन आयलंड्स आणि कॅनडा एवढ्यापुरती आहे. रामस्टाइन किंवा योकोसुकाला बसून भत्ता मिळेल असं गृहीत धरू नका. निघण्यापूर्वी आपल्या राज्याला लेखी विचारून घ्या.

नव्या गावी काम शोधताना

नव्या राज्याच्या रोजगार सेवेत नाव नोंदवा. जवळच्या 'अमेरिकन जॉब सेंटर'मध्ये हे फुकट होतं. कोणत्या तारखेला, कुठे, कोणत्या पदासाठी, कसा अर्ज केला, उत्तर काय आलं, याची वही ठेवा. जुनं राज्य ती कधीही मागू शकतं.

नर्स, शिक्षिका, फार्मसी टेक्निशियन अशा परवान्याच्या कामात असाल तर दोन सवलती पदरात पाडून घ्या. जानेवारी २०२३पासून केंद्रीय कायद्याने लष्करी जोडीदाराचा एका राज्यातला व्यावसायिक परवाना बदलीच्या राज्यात ठरावीक अटींवर मान्य होतो. सुरुवातीला वकिलीचा परवाना यात येत नव्हता. आणि नव्या राज्यात परवाना घ्यायचा झालाच तर बदलीमागे १,००० डॉलरपर्यंतचा खर्च जोडीदाराच्या सैन्यदलाकडून परत मिळू शकतो, पावत्या जपून ठेवल्या तर. नवं काही शिकायचं असेल तर मायका नावाची ४,००० डॉलरपर्यंतची शिष्यवृत्ती ठरावीक हुद्द्यांवरच्या सैनिकांच्या जोडीदारांना मिळते. 'मिलिटरी वनसोर्स'ला फोन करा, दिवसरात्र चालू असतं. अभ्यासक्रम सुरू केलात तर सर्टिफाय करताना तेही कळवायचं.

नकार आला तर

नाउमेद होऊ नका. राजीनाम्याचा दावा पहिल्या फेरीत फेटाळला जाणं नवीन नाही. कधी ऑर्डरची प्रत पोहोचलेली नसते, कधी मालकाने फॉर्मवर फक्त 'स्वतः सोडली' अशी खूण केलेली असते. पत्रावरची मुदत आधी बघा. कॅलिफोर्नियात अपिलाला ३० दिवस मिळतात, टेक्ससमध्ये फक्त १४. अपिलात लांबलचक कहाणी नको. चार तारखा क्रमाने लिहा, त्यांच्यासमोर कागद जोडा, आणि आपल्या राज्याच्या लष्करी जोडीदाराच्या तरतुदीचा उल्लेख करा. सुनावणी बहुधा फोनवर होते. इंग्रजीत बोलायला अवघडत असेल तर दुभाष्या मागा, तो तुमचा हक्क आहे.

अपील चालू असताना सर्टिफाय करणं थांबवू नका. जिंकलात तर भरलेल्या आठवड्यांचेच पैसे मिळतात.

कर आणि पहिला पगार

बेकारी भत्त्यावर केंद्राचा आयकर लागतो. डब्ल्यू-४व्ही फॉर्म दिला की दर हप्त्यातून १० टक्के कापले जातात. नाहीतर ती रक्कम स्वतः बाजूला ठेवा. जानेवारीत १०९९-जी (वर्षभरात मिळालेल्या भत्त्याचा कराचा फॉर्म) येईल, पुन्हा त्याच पत्त्याचा प्रश्न.

नवं काम लागलं, अगदी आठवड्याला दहा तासांचं बालवाडीतलं असलं, तरी कमाई कळवायची. कर कापण्याआधीचा पूर्ण आकडा, आणि काम केलं त्या आठवड्यात, चेक आला त्या आठवड्यात नाही. अर्धवेळ कामात बऱ्याचदा भत्त्याचा काही भाग चालू राहतो, तेव्हा पहिल्या पगाराला घाबरून दावा लगेच बंद करू नका.